विद्यापीठाच्या नावातली खंजिरी
नागपूर विद्यापीठाला २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. पण त्यांची खंजिरी तुमच्या सिनॉप्सिसमध्ये कुठे बसेल, याचा विचार केलाय? खंजिरी एका हातात मावते. तिला ना मंच लागतो, ना माईक. म्हणून तर भजन गावोगाव पोचलं. १९४२ मध्ये चिमूरच्या उठावानंतर इंग्रज सरकारने महाराजांना अटक केली. १९६८ मध्ये ते गेले. तरी अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीच्या गुरुकुंजात पुण्यतिथी महोत्सव गुरुदेव सेवा मंडळाचे सेवक आजही उभा करतात. तेव्हा सरकारी फाइलवरच थांबू नका. तिथे अटक सापडेल; गावं का गायली, हे भजनी मंडळातच विचारावं लागेल. जुने गायक थकत चाललेत. रेकॉर्डर आधी तिकडे न्या.