वसईचे संत गोन्सालो गार्सिया
वसईच्या किल्ल्यातील ज्या जुन्या जेझुइट चर्चला आज गोन्सालो गार्सिया यांचे नाव आहे, तेथे आलेल्या भाविकाला या भूमिपुत्राचे चरित्र थेट जपानपर्यंत नेते. पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी जन्मलेले गोन्सालो जेझुइटांबरोबर जपानला गेले, तेथील भाषा शिकले, पुढे व्यापारात शिरले आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात, म्हणजे निर्धनतेचे व्रत पाळणाऱ्या संन्याशांमध्ये, पुरोहितदीक्षा न घेतलेले बंधू म्हणून दाखल झाले. जपानीवरील प्रभुत्व हेच त्यांचे मोठे बळ होते, म्हणूनच १५९३ मध्ये सत्ताधीश हिदेयोशीकडे गेलेल्या शिष्टमंडळाचे ते दुभाषी झाले. त्याच हिदेयोशीच्या आज्ञेने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्यांच्यासह २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. पोप नववे पायस यांनी १८६२ मध्ये या सर्वांना संतपद दिले.