परिकाष्ठ लाकडाच्या आतच सापडलं तर?

मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या बाजूला वाढलेल्या मुलाला 'जलवाहिनी' म्हटलं की आधी तानसा तलावाचं पाणी शहरात आणणारा तो भलामोठा लोखंडी नळ आठवतो. 'जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे उद्या पाणी नाही' असं वाचलं की घरात बादल्या भरून ठेवायची धावपळ सुरू होते. मग शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात तोच शब्द झाडाच्या खोडात भेटतो. जलवाहिनी मुळांकडून पाणी वर नेते, रसवाहिनी पानांत तयार झालेलं अन्न बाकीच्या भागांत पोचवते. सोपं आहे, लक्षात राहतं, मार्कही मिळतात.

अकरावीला माध्यम बदलतं आणि याच जोडीचं झायलेम-फ्लोएम होतं. पुढे कधीतरी मराठीत काही लिहायचं म्हणून तुम्ही मराठी विश्वकोश उघडता, तर तिथे प्रकाष्ठ आणि परिकाष्ठ. ऊतीचं झालेलं असतं ऊतक, पेशीची कोशिका, पर्णरंध्राचं त्वग्रंध्र.

मराठी माध्यमातून आलेले बरेच विद्यार्थी इथे मनातल्या मनात हार मानतात. 'आपली परिभाषाच कच्ची आहे' असं समजून गप्प बसतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्या बाकीच्यांसाठीही. कारण या गोंधळाच्या मुळाशी असलेला प्रश्न फक्त मराठीचा नाही. इंग्रजीत, लॅटिनमध्ये, अगदी संगणकावरच्या जागतिक शब्दसंग्रहातही तो जसाच्या तसा आहे. वस्तू ओळखायची कशावरून? ती करते त्या कामावरून, तिच्या जागेवरून, की ती कशातून तयार झाली त्यावरून?

नावात दडलेलं चित्र

झायलेम आणि फ्लोएम हे शब्द कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये रूढ केले. मेरिस्टेम, म्हणजे आपली विभाजी ऊती, हा शब्दही त्याचाच आणि त्याच वर्षीचा. ग्रीकमध्ये 'झायलॉन' म्हणजे लाकूड आणि 'फ्लोइऑस' म्हणजे साल. म्हणजे मूळ शब्दही काही आकाशातून पडलेले नव्हते. लाकूड आत, साल बाहेर, असं समोर दिसणारं चित्रच त्याने ग्रीकमध्ये घातलं.

आता मराठी जोड्या बघा. प्रकाष्ठ-परिकाष्ठ ही जोडी नेगेलीच्याच वाटेने जाते. 'काष्ठ' म्हणजे लाकूड, 'परि' म्हणजे सभोवती. हे नाव जागा सांगतं. जलवाहिनी-रसवाहिनी ही जोडी काम सांगते.

दोन्हींना फायदा आहे आणि दोन्हींची किंमतही आहे. 'वाहिनी' म्हटलं की नळ डोळ्यांपुढे येतो. पण झायलेम ही एक नळी नव्हे, ती संयुक्त ऊती आहे. तिच्यात वाहिन्या असतात, वाहिनिका असतात, शिवाय तंतू आणि मृदू पेशीही असतात. तंतू आधार देतात, मृदू पेशी साठवण करतात. मग 'जलवाहिनी' हा शब्द तुम्ही अख्ख्या ऊतीला वापरता की तिच्यातल्या एका घटकाला? स्लाइडखाली नावं लिहिताना हा प्रश्न येतोच. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत एकच शब्द दोन्ही अर्थांनी सापडला, आणि चार महिन्यांनंतर कुठे काय म्हणायचं होतं ते माझं मलाच कळेना.

आपले शब्द ठरले कसे

मराठी परिभाषेचं काम काही कालपरवाचं नाही. दाते आणि कर्वे यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश' १९४८ चा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्येच भाषा संचालनालय स्थापन झालं. त्याने पुढे जीवशास्त्रासह अनेक विषयांचे परिभाषा कोश काढले. १९६१ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावलीसाठी आयोग नेमला. त्याचं धोरण असं की मूलद्रव्यांची नावं, मापनाची एककं, प्राणी-वनस्पतींची द्विपद नावं असे आंतरराष्ट्रीय शब्द तसेच ठेवायचे आणि संकल्पनांना भारतीय भाषांत शब्द द्यायचे.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो विश्वकोशाचा क्रम. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली विश्वकोशाचं काम चालू होतं. पहिला खंड आला १९७६ मध्ये. पण त्याआधी, १९७३ मध्ये, एक खंड छापून झाला होता. त्याचा क्रमांक अठरावा आणि नाव 'परिभाषा संग्रह'. म्हणजे लेख छापण्याआधी शब्द नक्की केले. शेकडो लेखकांनी एकाच वस्तूला एकच नाव द्यावं म्हणून ही शिस्त होती.

या शिस्तीला नावं ठेवणं सोपं आहे. 'ऊतककर' (कॅम्बियमसाठी) किंवा 'मूलक्षोड' (आल्या-हळदीच्या जमिनीतल्या खोडासाठी) असे शब्द वाचून हसणारे भेटतात. पण माझी तक्रार शब्द जड असल्याची नाही. शब्दसंग्रह म्हणजे जोड्यांची यादी: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. त्या जोडीत व्याख्या नसते. शब्दाला शब्द मिळतो, पण तो नेमका कुठे लागू होतो आणि कुठे थांबतो, ते तिथे कळत नाही. याचा त्रास कुठे होतो ते बघायला आपल्याच खाडीवर जाऊ.

तिवराचं खोड

भांडुप, विक्रोळी, घाटकोपरच्या पूर्वेला ठाणे खाडीच्या काठाने जी हिरवी भिंत दिसते, तिच्यात मोठा वाटा तिवराचा, म्हणजे ॲव्हिसेनिया मरीनाचा. (उत्साहाने कोयता घेऊन निघू नका. कांदळवन तोडायला मनाई आहे, नमुना घ्यायचा तर रीतसर परवानगी काढावी लागते.)

आंबा, साग अशा झाडांत कॅम्बियमचा एकच थर असतो. तो आतल्या बाजूला झायलेम आणि बाहेरच्या बाजूला फ्लोएम तयार करत राहतो. म्हणून लाकूड आत आणि फ्लोएम त्याच्या भोवती. तिवरात तसं नाही. तिथे एका कॅम्बियमच्या बाहेर दुसरं, त्याच्या बाहेर तिसरं, अशी नवनवी कॅम्बियम तयार होत जातात. प्रत्येक जण आपापलं झायलेम आत आणि फ्लोएम बाहेर टाकतो. परिणामी खोडाच्या आडव्या छेदात झायलेमचा पट्टा, मग फ्लोएम, पुन्हा झायलेम, पुन्हा फ्लोएम असं दिसतं. फ्लोएम लाकडाच्या आत अडकलेलं असतं.

आता सांगा, लाकडाच्या पोटात असलेल्या 'परिकाष्ठा'ला परिकाष्ठ कसं म्हणायचं? आणि खाडीपर्यंत जायचीही गरज नाही. भोपळ्याच्या वेलाच्या खोडात प्रत्येक वाहक वृंदात झायलेमच्या दोन्ही बाजूंना फ्लोएम असतं, वांग्याच्या खोडातही ते आतल्या बाजूला सापडतं. जागेवरून दिलेलं नाव इथे चुकतं.

पण थांबा. ग्रीक शब्दाचा अर्थही 'साल'च होता ना? मग फ्लोएमवर कुणी आक्षेप का घेत नाही? कारण तो ग्रीक अर्थ आज बहुतेकांना ऐकू येत नाही. परका शब्द मुका असतो. तो काही शिकवत नाही, पण फसवतही नाही. मराठी शब्द बोलतो. बोलतो म्हणून नववीच्या मुलाला मदत करतो, आणि म्हणूनच पीएचडीच्या विद्यार्थ्याला अडचणीत आणू शकतो.

याच तिवराने आणखी एक शब्द अडचणीत आणला: 'वार्षिक वलय'. शाळेत आपण शिकतो की वलयं मोजा, झाडाचं वय कळेल. तिवराच्या छेदातही वलयांसारखे पट्टे दिसतात. पण ए. एम. गिल यांनी १९७१ मध्येच ॲव्हिसेनियाच्या वलयांवर लिहिताना दाखवलं की त्यांच्यावर नियंत्रण झाडाच्या अंतर्गत व्यवस्थेचं असतं. पुढे केनियातल्या तिवरांवरचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेळी अनेक कॅम्बियम काम करत असतात आणि खोड सगळीकडून सारखं न वाढता तुकड्यातुकड्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. नुसत्या शब्दावर विश्वास ठेवून तुम्ही हे पट्टे मोजले, तर कांदळवनाचं वय चुकेल. मग वाढीचा वेग चुकेल, आणि त्यावर बांधलेला प्रत्येक आकडा चुकेल.

'विसंगत' कोण?

खोडाच्या या वाढीला पाठ्यपुस्तकांत कितीतरी वर्षं 'विसंगत द्वितीयक वृद्धी' म्हटलं गेलं. विसंगत कशाशी? युरोप-अमेरिकेतल्या ओक आणि पाइनशी. परिभाषा तिथे घडली, म्हणून तिथली झाडं नियम ठरली आणि आपल्या खाडीतली अपवाद. शर्विन कार्लक्विस्ट यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात 'कॅम्बियमचे प्रकारभेद' अशा अर्थाची संज्ञा वापरली. बदल एका शब्दाचा, पण त्याने नजर बदलली. अपवाद म्हणून बाजूला ठेवलेली गोष्ट अभ्यासाचा विषय झाली.

लाकूडशास्त्रात शब्द सुधारण्याची परंपराच आहे. लाकूडशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना १९३१ मध्ये स्थापन झाली. तिची पहिली शब्दसूची १९३३ ची, सुधारित १९५७ ची, बहुभाषी १९६४ ची. १९८९ मध्ये तिने पानगळी-सदाहरित रुंदपर्णी झाडांच्या लाकडाची सूक्ष्म लक्षणं क्रमांक देऊन मांडली: १६३ शारीर लक्षणं, प्रत्येकाला व्याख्या आणि छायाचित्रांचा आधार. लाकडात अडकलेल्या फ्लोएमला तिथे दोन क्रमांक आहेत: १३३ पट्ट्यांच्या स्वरूपातल्याला, १३४ विखुरलेल्याला. तरीही वाद संपला नाही. कार्लक्विस्ट यांचं म्हणणं असं की हे दोन दिसायला जवळचे असले तरी घडतात वेगळ्या रीतीने. एकात अनेक कॅम्बियम असतात, दुसऱ्यात एकच. मग दोघांना एका नावाखाली का ठेवायचं? पुन्हा तोच प्रश्न: जागा की घडण?

पानाचा क्रमांक बदलला, त्याची गोष्ट

आता संगणकाच्या काळात या. जनुकांची माहिती प्रचंड वाढली, तेव्हा 'हे जनुक कुठल्या अवयवात, कुठल्या अवस्थेत चालू असतं' हे सगळ्यांनी एकाच भाषेत लिहिणं गरजेचं झालं. त्यातून २००० नंतरच्या दशकात 'प्लांट ऑन्टॉलॉजी' उभी राहिली. सुरुवात अरॅबिडॉप्सिस, भात आणि मका यांच्यापासून. तिचे दोन भाग आहेत: वनस्पतींची रचना आणि विकासाच्या अवस्था. प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक, एक व्याख्या, इतर संकल्पनांशी नातं (अमुक हा तमुकचा प्रकार, अमुक हा तमुकचा भाग, अमुक हे तमुकपासून विकसित होतं) आणि समानार्थी शब्द. मक्याचं कणीस आणि मक्याचा तुरा यांना शेतकरी वेगळी नावं देतो, पण दोन्ही पुष्पविन्यासच. हे अशा नात्यांमुळे यंत्रालाही कळतं.

सुरुवातीला 'पान' या संकल्पनेचा क्रमांक होता ०००९०२५. तेव्हा यादीत फक्त सपुष्प वनस्पती होत्या, म्हणून अडचण नव्हती. पुढे यादी सगळ्या हिरव्या वनस्पतींसाठी वाढवायची ठरली आणि मॉस दारात येऊन उभं राहिलं. पावसाळ्यात बोरिवलीच्या नॅशनल पार्कात दगडांवर जो हिरवा मखमली थर दिसतो, तेच हे मॉस. त्यालाही पानासारखं काहीतरी असतं, पण त्यात झायलेम-फ्लोएम नसतात. याला पान म्हणायचं का?

उत्तर कसं काढलं ते नीट बघा. जुन्या क्रमांकाचा अर्थ त्यांनी ताणला नाही. ०००९०२५ ला नवं नाव मिळालं, 'संवहनी पान', कारण त्या क्रमांकाखाली साठलेली माहिती खरोखर अशाच पानांची होती. व्यापक अर्थाच्या 'पाना'ला नवा क्रमांक दिला, ००२५०३४, आणि संवहनी नसलेल्या पानाला आणखी वेगळा. त्यामुळे आधीच्या संशोधकांच्या नोंदींपैकी एकही खोटी ठरली नाही.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा गाभा इथे आहे. नाव बदलू शकतं, पण ओळख आणि व्याख्या नावापासून वेगळी ठेवली पाहिजे. या यादीत समानार्थी म्हणून स्पॅनिश आणि जपानी शब्दही घातलेले आहेत. म्हणजे भाषा कितीही असोत, अडत नाही. मराठी शब्दांनाही तिथे जागा होऊ शकते. त्यासाठी प्रकाष्ठ, जलवाहिनी आणि झायलेम यांतला एक निवडून बाकीच्यांना हाकलायची गरज नाही. तिघांना एका व्याख्येखाली आणायचं, आणि 'जलवाहिनी' शब्द कुणी वाहिनी या घटकासाठी वापरत असेल तर तशी नोंद करायची. आपल्या कोशांची सुधारणा करायची झाली तर नवे शब्द घडवण्याआधी हे काम करावं लागेल.

तुम्ही आजपासून काय कराल?

सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक साधा तक्ता करा. त्यात चार रकाने ठेवा: तुम्ही वापरणार तो शब्द, त्याची एका वाक्यातली व्याख्या, ती कुठल्या सूचीतून आणि कुठल्या आवृत्तीतून घेतली, आणि याच वस्तूला दिलेली दुसरी नावं. पद्धतीच्या प्रकरणात सूचीची आवृत्ती लिहाच, कारण पाच वर्षांनी ती बदललेली असेल. जुना निबंध वाचताना आधी त्याचं साल बघा, मग त्यातल्या शब्दाचा त्या काळातला अर्थ शोधा. आणि प्रत्येक शब्दाला विचारा: तू काम सांगतोस, जागा सांगतोस की घडण?

मराठी माध्यमातून आलेल्यांना आणखी एक सांगायचं आहे. तीन नावं माहीत असणं हा कमीपणा नाही. ज्याला एकच नाव ठाऊक असतं, त्याला नाव आणि वस्तू यांच्यात फट आहे हे सहसा दिसत नाही. तुम्हाला ती नववीपासून दिसते आहे. आता तिचा उपयोग करा.