पणजीची पेढी आणि गहाण सोने

गोमंतकातील जुनी माणसे 'बांक' म्हणत, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एकच पेढी असे : बांको नासियोनाल उल्त्रामारिनो. ही पेढी लिस्बन येथे १८६४ साली स्थापन झाली आणि चारच वर्षांनी, १८६८ मध्ये, तिने नव्या गोव्यात, म्हणजेच पणजीत, आपली शाखा उघडली. विसाव्या शतकात तर पोर्तुगीज हिंदच्या नोटाही हिच्याच नावाने निघत. १९५९ च्या १ जानेवारीस रुपिया जाऊन एस्कुद आले, एका रुपियास सहा या दराने. त्या नोटांवरही नाव तेच.

सामान्य कुटुंबाचा संबंध मात्र नोटांपेक्षा सोन्याशी अधिक येई. पेरणी, आजारपण, मुलीचे लग्न, काहीही निघाले की अंगावरचा दागिना गहाण पडे. पुढे १९५४-५५ पासून भारत सरकारचे आर्थिक निर्बंध आले, मुंबईच्या कमाईतून घरी पैसा धाडणे दुष्कर झाले, आणि पेटीतील सोन्याकडे पाहण्यावाचून अनेकांना गत्यंतर उरले नाही. हिंदू घरच्या पाटल्या असोत वा ख्रिस्ती घरची लग्नातील साखळी, काट्याला दोन्ही सारख्याच! काट्यामागचा कारकून पुष्कळदा ओळखीतला असे. पेढीचे कागद पोर्तुगीज भाषेत. ज्यांना ते वाचता येत नसत, त्यांची सारी भिस्त त्याच्या शब्दावर. कोणाच्या घरी काय अडले आहे हे त्याला न सांगता कळे, आणि ते त्याने पोटात ठेवावे अशीच अपेक्षा असे.

डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय सेना गोव्यात शिरण्यापूर्वी काही दिवस, हे गहाण दागिने लिस्बनला नेण्यात आले. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. कर्ज फेडण्यास पैसा जुळला तरी सोडवून घ्यावयाचा दागिना आता समुद्रापलीकडे होता. गहाण म्हणजे विक्री नव्हे, हा साधा नियम त्या गडबडीत कोणाच्या ध्यानी राहिला नाही, असे म्हणणे भागच आहे.

१९७४ च्या ३१ डिसेंबरला भारत व पोर्तुगाल यांच्यात करार होऊन पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. दागिने मात्र परतले ते १९९१ साली, आणि ते भारतीय स्टेट बँकेच्या हवाली झाले. मध्ये तीस वर्षे गेली होती. ज्यांनी ते काट्यावर ठेवले होते, त्यांतील कितीतरी जण निवर्तले होते. त्यांच्या मागे मुले व सुना होत्या, आणि त्यांतील अनेकांनी तो दागिना कधी पाहिलाही नव्हता.