खाट मोजणारा कायदा आणि खुर्चीवरचा रुग्ण : त्वचेच्या खासगी दवाखान्यांच्या नियमनाची कहाणी

2022 च्या मे महिन्यात बेंगळुरूमध्ये एक 21 वर्षांची कन्नड दूरचित्रवाणी अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी एका खासगी सौंदर्योपचार केंद्रात गेली आणि त्याच दिवशी तिचा मृत्यू झाला. पुढचे काही दिवस बातम्यांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. शस्त्रक्रिया कोणी केली, आणि त्या केंद्राला ती करण्याची परवानगी होती का? कर्नाटकाच्या आरोग्य विभागाने चौकशी सुरू केली. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र आणखी एक प्रश्न विचारायला हवा. दवाखान्याला परवानगी देणारा कायदा नेमके काय पाहतो? याचे उत्तर शोधताना सुमारे शंभर वर्षे मागे जावे लागते.

इंग्लंडमध्ये 1927 साली शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा झाला. मुंबई प्रांताने 1949 साली त्याच धर्तीचा कायदा केला. तेव्हा बेळगाव, धारवाड आणि विजापूर हे जिल्हेही मुंबई प्रांतात होते. आजारी, जखमी किंवा दुर्बळ व्यक्तींना दाखल करून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि त्यांची शुश्रूषा केली जाते ती जागा म्हणजे ‘नर्सिंग होम’, अशी या कायद्याची व्याख्या. त्याच्या केंद्रस्थानी होती खाट. ज्या काळात बाळंतपण, हर्निया आणि विषमज्वर ही खासगी रुग्णालयांची मुख्य कामे होती, त्या काळाला ही व्याख्या पुरेशी होती. धोका असलेला रुग्ण खाटेवर असतो आणि खुर्चीवर बसून औषध घेऊन जाणारा रुग्ण सुरक्षित असतो, हे तेव्हा बहुतांशी खरेही होते. कर्नाटकाने 1976 साली खासगी शुश्रूषागृहांसाठी स्वतंत्र कायदा केला, तोही याच परंपरेतला.

त्वचाविज्ञानाने हे गृहीतक हळूहळू मोडीत काढले. 1960 साली थिओडोर मायमन यांनी पहिला लेझर प्रकाशित केला आणि काही वर्षांतच सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी त्याचे मानवी त्वचेवरील परिणाम अभ्यासायला सुरुवात केली. भारतात दिल्लीचे डॉ. बहल यांनी 1964 साली कोडाच्या डागांवर पातळ त्वचारोपण करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्वचारोगतज्ज्ञ मलमाची चिठ्ठी लिहिणारा वैद्य राहिला नाही. त्याच्या हातात शस्त्र आणि प्रकाश ही दोन्ही साधने आली. मात्र त्याचा रुग्ण खुर्चीवरच राहिला.

1983 साली अँडरसन आणि पॅरिश यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक तत्त्व मांडले. ज्या रंगद्रव्याला लक्ष्य करायचे, तेच शोषून घेईल अशी तरंगलांबी निवडावी, आणि त्या लक्ष्याची उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच प्रकाशाचा स्पंद संपवावा. मग शेजारच्या ऊती भाजत नाहीत. नको असलेली लव, रक्तवाहिन्यांचे लाल डाग, गोंदण यांवरचे आजचे लेझर उपचार याच तत्त्वावर उभे आहेत. पण लव काढताना लक्ष्य असते केसाच्या मुळातील मेलॅनिन, आणि तेच मेलॅनिन आपल्या सावळ्या त्वचेच्या वरच्या थरातही भरपूर असते. गोऱ्या त्वचेला चालणारी 755 नॅनोमीटरची मात्रा सावळ्या त्वचेवर फोड आणू शकते आणि नंतर महिनोन्महिने काळा डाग ठेवू शकते. 1064 नॅनोमीटरचा लेझर त्या मानाने अधिक सुरक्षित, कारण ही तरंगलांबी मेलॅनिन कमी शोषते आणि ती अधिक खोलवर पोचते. म्हणून यंत्र उत्तम असून भागत नाही. ते चालवणाऱ्याने रुग्णाच्या त्वचेचा प्रकार ओळखायला हवा, आधी लहानशा भागावर चाचणी घ्यायला हवी, आणि डोळ्यांवर त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा आहे याची खात्री करायला हवी.

दुसरे उदाहरण भुलीचे. कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी 1987 साली अतिशय सौम्य केलेली भुलेची द्रावणे मोठ्या प्रमाणात त्वचेखाली भरून, पूर्ण भूल न देता चरबी काढण्याची पद्धत मांडली. अॅड्रेनलिनसह लिडोकेनची रूढ मर्यादा किलोमागे 7 मिलिग्रॅम. क्लाइन यांनी 1990 साली दाखवले की या पद्धतीत 35 मिलिग्रॅमपर्यंत जाता येते. साठ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हा फरक 420 आणि 2100 मिलिग्रॅमचा आहे. चरबीतून औषध अतिशय सावकाश शोषले जाते, म्हणून हे शक्य होते. पण याच कारणामुळे रक्तातील पातळी कित्येक तासांनी शिखर गाठते, आणि तोवर रुग्ण घरी पोचलेला असतो. धोक्याची वेळ आणि दवाखान्याची वेळ एकच असेल याची खात्री उरत नाही.

या पार्श्वभूमीवर बेंगळुरूचे महत्त्व लक्षात येते. 2007 साली कर्नाटकाने खासगी वैद्यकीय आस्थापनांचा नवा कायदा केला आणि 1976 चा कायदा रद्द केला. नव्या व्याख्येत शुश्रूषागृहांबरोबर प्रयोगशाळा, तपासणी केंद्रे आणि साधा दवाखानाही आला. खाट असो वा नसो, नोंदणी आवश्यक ठरली. महाराष्ट्रात आजही 1949 चाच कायदा आहे; 2021 च्या सुधारित नियमांनी त्यात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक आणले, तरी पाया शुश्रूषागृहाचाच राहिला. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा या दोन्ही राज्यांनी स्वीकारलेला नाही.

योगायोग असा की त्याच सुमारास त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने त्वचाशल्यासाठी एक कार्यगट नेमला आणि त्याची धुरा बेंगळुरूच्या डॉ. वेंकटराम मैसूर यांच्याकडे होती. 2008 साली संघटनेच्या नियतकालिकाच्या पुरवणीत या गटाच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. केमिकल पील, केशरोपण, चरबी काढणे अशा एकेका उपचारासाठी कोण पात्र, कोणती तपासणी आधी, कोणती संमती, कोणती आणीबाणीची सामग्री, हे त्यांत सांगितले होते. केशरोपणाच्या सूचनांचे लेखक होते पुण्याचे डॉ. नरेंद्र पटवर्धन आणि डॉ. मैसूर. पुढच्याच वर्षी पुण्याचे डॉ. नितीन ढेपे यांनी लेझर कक्ष कसा असावा याची किमान मानके मांडली. म्हणजे या क्षेत्राला आचारसंहिता सरकारने दिली नाही, ती व्यवसायाने स्वतःच लिहिली.

अशा रीतीने एका वर्षाच्या अंतराने दोन दस्तऐवज तयार झाले. कायदा जागेची नोंद घेत होता; सूचना उपचाराचे बारकावे सांगत होत्या. कायद्याला दंडाचे बळ होते, सूचनांना केवळ नैतिक बळ. ज्या डॉक्टरांनी सूचना वाचल्या ते बहुधा आधीच काळजी घेणारे होते. ज्यांनी वाचायला हव्या होत्या त्यांच्यापैकी अनेकजण त्या संघटनेचे सदस्यच नव्हते, आणि काही तर डॉक्टरही नव्हते.

याची किंमत मोजावी लागली. 2016 साली चेन्नईत वैद्यकाचा 22 वर्षांचा विद्यार्थी केशरोपणानंतर दगावला. ते केंद्र केशकर्तनालयाच्या परवान्यावर चालत असल्याच्या बातम्या तेव्हा प्रसिद्ध झाल्या. 2019 च्या मार्चमध्ये मुंबईत 43 वर्षांचा एक व्यापारी केशरोपणानंतर सुमारे दोन दिवसांनी तीव्र अॅलर्जीसदृश लक्षणांनी गेला. दिल्लीतील अशाच एका मृत्यूचे प्रकरण उच्च न्यायालयासमोर आले. त्यानंतर सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सौंदर्यशल्य आणि केशरोपण यांबाबत सूचना काढल्या. शस्त्रक्रियेचे औपचारिक प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरानेच हे उपचार करावेत, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे आयोगाने स्पष्ट केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दंत परिषदेने मुखशल्यचिकित्सकांनाही चेहऱ्याचे सौंदर्योपचार आणि केशरोपण करता येईल, अशी भूमिका घेतली. त्वचारोगतज्ज्ञांनी तिला विरोध केला. ‘कोणी करावे’ हा वाद त्यामुळे मिटला नाही.

डॉक्टरांची बाजूही समजून घ्यायला हवी. निवृत्त न्यायमूर्ती विक्रमजित सेन यांच्या समितीनंतर कर्नाटकाने 2017 साली 2007 च्या कायद्यात दुरुस्ती आणली, तेव्हा दरनियंत्रण आणि तुरुंगवासाच्या तरतुदींविरुद्ध खासगी डॉक्टरांनी नोव्हेंबरात संप पुकारला. अखेर सौम्य केलेले विधेयक बेळगावच्या अधिवेशनात संमत झाले. चांगल्या डॉक्टरला कागदांखाली दाबायचे आणि नोंदणीच न केलेल्याला मोकळे सोडायचे, असे नियमन होईल ही त्यांची भीती निराधार नव्हती. नियमाचा जाच प्रथम त्यालाच होतो ज्याचे नाव नोंदवहीत असते.

यंत्रांच्या बाबतीत मात्र प्रगती दिसते. 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम 2018 पासून लागू झाले, एप्रिल 2020 पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली, आणि ऑक्टोबर 2023 पर्यंत अधिक जोखमीच्या वर्गांनाही परवाना सक्तीचा झाला. उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची माहिती गोळा करणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2015 पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालतो. पण दवाखान्याने लेझरचा चटका तिथे कळवायचा की नाही, हे त्याच्याच इच्छेवर आहे.

इथेच या इतिहासाचा आजचा धागा आहे. विमान वाहतूक सुरक्षित झाली ती केवळ वैमानिकाच्या परवान्यामुळे नव्हे. प्रत्येक अपघात आणि थोडक्यात टळलेली दुर्घटना नोंदवण्याची शिस्त त्यामागे आहे. त्वचेच्या दवाखान्यात भाजलेल्या गालाची, भुलीनंतर बेशुद्ध झालेल्या रुग्णाची अशी सक्तीची देशव्यापी नोंद आपल्याकडे नाही. जे मोजले जात नाही त्यावर मानके बसवता येत नाहीत. मग प्रत्येक सुधारणा एखाद्या मृत्यूच्या बातमीची वाट पाहत राहते.

तोवर रुग्णाने विचारायचे प्रश्न साधे आहेत. दवाखान्याची नोंदणी कोणत्या कामासाठी आहे? यंत्र प्रत्यक्ष कोण चालवणार, आणि त्याचा वैद्यकीय परिषदेचा क्रमांक काय? माझ्या त्वचेवर आधी चाचणी घेणार का? रात्री त्रास झाला तर कोणत्या रुग्णालयात नेणार? चौथ्या प्रश्नाचे उत्तर तत्काळ मिळाले नाही, तर खुर्चीवरून उठून घरी यावे. लव, डाग आणि टक्कल यांपैकी कशालाही आजच उपचार हवा अशी घाई नसते.