गडचिरोलीतील घरपोच नवजात बालसेवा
गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. बालकांतील न्यूमोनिया ओळखण्यासाठी तेथे मण्यांचा श्वासमापक वापरात आला. निरक्षर सुईणीने दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळूच्या घड्याळातले मिनिट संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. इतके नेमके आणि इतके साधे साधन वैद्यकात विरळाच. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत नवजात बाळाचे वजन, ऊब, स्तनपान पाहू लागल्या. जंतुसंसर्ग झाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन, एरवी डॉक्टरांच्याच हातचे मानलेले, त्या घरीच देत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या गृहभेटींतून ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली.