विल्न्याच्या भट्टीतलं सूप

सकाळी गाजर, बटाटा, घेवड्याचे दाणे आणि बार्ली स्लो कुकरमध्ये घालायची, झाकण ठेवायचं आणि कामाला निघायचं. संध्याकाळी पोटभरीचं दाट सूप तयार असतं. हे भांडं विजेवर चालतं, पण त्याचं कूळ वीज नसलेल्या एका बेकरीत सापडतं.

ती बेकरी विल्न्याची, म्हणजे आजच्या लिथुआनियातल्या विल्निअसची. काळ एकोणिसावं शतक. शुक्रवारी सूर्य मावळला की ज्यू घरांत शब्बाथ सुरू होई. मग शनिवारी रात्र पडेपर्यंत चूल पेटवायची नाही, रांधायचं नाही. (कोकणातले बेने इस्रायल ज्यूही शब्बाथ पाळून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत.) पण शनिवारी दुपारी ताटात गरम अन्न तर हवं. त्यावर तोड म्हणजे चोलंट: घेवडा, बार्ली, बटाटा, आणि परवडलं तर मांस. शुक्रवारी कच्च्या चोलंटचं भांडं बेकरीत पोचवायचं. भट्टीतला जाळ विझे, पण तिच्या जाड भिंती रात्रभर ऊब धरून ठेवत. ढवळायला कुणी नाही, झाकण उघडायलाही नाही. दुसऱ्या दिवशी भांडं घरी यायचं ते शिजूनच.

तामारा नावाची एक मुलगी आईनं भरून दिलेलं असं भांडं बेकरीत घेऊन जायची. पुढे अमेरिकेत तिनं ही आठवण आपल्या मुलाला, अर्व्हिंगला सांगितली. १९०२ साली न्यू जर्सीत जन्मलेला हा मुलगा शिकागोत विद्युत अभियंता झाला. नाखुमसोन हे आडनाव त्यानं नंतर बदलून नॅक्सन केलं.

आईची भट्टी त्यानं तारेत कशी उतरवली, हे मला या कथेतलं सगळ्यात सुंदर वाटतं. त्यानं भांड्याभोवती एक कवच बसवलं आणि तापणारी तार त्या कवचात गुंडाळली. आच बुडाशी एकवटत नाही, चहूबाजूंनी येते, म्हणून न ढवळताही काही करपत नाही. आपल्याकडे वैलावर सरकवून ठेवलेली आमटी जशी मुरत राहते, तसंच हे शिजणं. शिवाय उन्हाळ्यात ओव्हन पेटवून घर तापवावं लागत नाही, हाही नॅक्सनचा हेतू होता. अर्ज १९३६ चा, पेटंट २३ जानेवारी १९४० चं.

‘नॅक्सन बीनरी’ या नावानं हे भांडं छोट्या खाणावळींत घेवडा शिजवायला वापरलं जाऊ लागलं. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीनं नॅक्सनची कंपनी विकत घेतली, तेव्हा या भांड्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. कंपनीच्या प्रयोग-स्वयंपाकघरात मात्र घेवड्याशिवाय इतर पदार्थही करून बघितले गेले आणि त्याची खरी ताकद कळली. १९७१ मध्ये ते ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आलं. नोकरीला बाहेर पडणाऱ्या बायकांची संख्या वाढत होती, आणि घरी कुणी नसताना शिजवणारं भांडं त्यांना हवंच होतं. वर्षाला २० लाख डॉलरची विक्री १९७५ पर्यंत ९ कोटी ३० लाखांवर गेली.

भाज्यांचं सूप करताना त्या भट्टीची शिस्त आजही पाळावी लागते. मंद आचेवर गाजर-बटाटा कित्येकदा मांसापेक्षाही उशिरा मऊ होतो, म्हणून कंदभाज्या बारीक चिरून तळाशी आणि कडेला लावायच्या. वाफ झाकणाला लागून परत खाली पडते, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा कमी. सारखं झाकण उघडलं तर साठलेली ऊब जाते आणि वेळ लांबतो. टोमॅटो शेवटी, कारण आंबटपणामुळे घेवडा निबर राहतो. पालक तर अगदी उतरवताना घालावा.

घेवड्याऐवजी राजमा घालायचा असेल, तर तो आधी भिजवावा, ते पाणी ओतून द्यावं आणि ताज्या पाण्यात तो गॅसवर निदान दहा मिनिटं खळखळून उकळून घ्यावा. कच्च्या राजम्यातलं विषारी लेक्टिन मंद आचेवर नष्ट होईलच असं नाही. तेवढं उकळून झालं, की मग राजमा खुशाल दिवसभर कुकरमध्ये सोडावा.