कापसाच्या बदल्यात शकुंतला

वाशिम जिल्ह्यात पोलादाची भट्टी कधी पेटली नाही, पण आमच्या कारंज्याला लोखंड आलं ते कापसापायी. किलिक-निक्सन कंपनीनं मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची नॅरो गेज कारंज्यावरून नेली. कापूस निघाला मूर्तिजापूर, मुंबई, थेट मँचेस्टर! तिकडून आलं १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन. आम्हां बँकवाल्यांना हा जमाखर्च जुळेना. कापूस दरवर्षी जायचा, इंजिन थोडंच दरवर्षी येतं? देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, ही मात्र खासगीच राहिली. वाफ १९९४ च्या एप्रिलात संपली, डिझेल आलं, पुढे गाडीच बंद. लोक तिला लाडानं शकुंतला म्हणत. दुष्यंताला कोळ्याच्या माशातली अंगठी तरी मिळाली. आमच्या शकुंतलेचा कोळी अजून जाळं टाकून बसलाय.